किती थेंबांत चित्र दिसतं?

एक रुग्ण असा आहे, की त्याच्या एकाच दाढेचा एक्स-रे दिवसभरात पन्नास वेळा काढला तरी तो कुरकुर करत नाही. त्याला धड नाही, नुसतं डोकं आणि मान आहे. आतली कवटी खऱ्या माणसाची आहे, पण गाल, जीभ, मेंदू या सगळ्यांच्या जागी एक खास प्लॅस्टिक ओतलेलं आहे. ते असं जमवलेलं आहे, की क्ष-किरणांना ते मांसासारखंच वाटावं. आणि हे डोकं पावासारखं आडवं कापलेलं आहे! अडीच-अडीच सेंटिमीटरच्या चकत्या. एकावर एक रचल्या की चेहरा तयार होतो. उचलून ठेवल्या की प्रत्येक चकतीत बारीक भोकांच्या रांगा दिसतात.

या डोक्याला क्ष-किरणांच्या क्षेत्रातली माणसं ‘फँटम’ म्हणतात. तुमच्या दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीशेजारी लांब हातावर लोंबणारं ते यंत्र, तोंडात सरकवलेला तो टोचरा सेन्सर, क्षणभराचा ‘टीं’ असा आवाज आणि लगेच पडद्यावर उमटलेली दाढेची मुळं. या सगळ्यामागं अशा डोक्यांनी झेललेल्या किरणांचा हिशेब आहे. त्या हिशेबाला दोन बाजू आहेत. चित्र किती चांगलं आलं, ही एक. त्यासाठी शरीरावर किती किरण पडले, ही दुसरी. आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी, की या दोन बाजू मुळात वेगळ्या नाहीतच. त्या एकाच पावसाचे थेंब आहेत. पावसाकडं येऊच, पण त्याआधी एका हाताची गोष्ट सांगायला हवी.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथं विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबर संपता संपता त्यांनी ते जाहीर केलं. आणि जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे त्या लेखाची शाई वाळते न वाळते तोच, ब्राउनश्वाइग शहरातले दंतवैद्य ओटो वॉल्कहोफ यांनी फोटोची काच काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून स्वतःच्या तोंडात धरली. किती वेळ? २५ मिनिटं! तोंडात काच धरून, जराही न हलता. आज त्याच कामाला सेकंदाचा पाचवा-दहावा भाग पुरतो. सुमारे दहा हजार पट कमी वेळ.

मधल्या काळात काय घडलं, याचं एक रूप म्हणजे न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स. अमेरिकेत दातांचे एक्स-रे अगदी सुरुवातीला ज्यांनी काढले, त्यांच्यातले ते एक. त्या काळच्या नळ्या फार लहरी असत. आतला वायू थोडा कमी-जास्त झाला की किरणांचा जोर बदले. मग आज नळीचा स्वभाव कसा आहे, हे ओळखायचं कसं? केल्स आपलाच हात नळीसमोर धरत, चमकणाऱ्या पडद्यावर हाडं स्वच्छ दिसेपर्यंत नळी जुळवत, आणि मग रुग्णाचा फोटो घेत. असं वर्षानुवर्षं चाललं.

ठरलेली वस्तू किरणांसमोर ठेवायची, तिचं चित्र पाहायचं आणि त्यावरून यंत्र पारखायचं. आजही चित्राची तपासणी याच रीतीनं होते. फरक एवढाच, की केल्स यांची ठरलेली वस्तू जिवंत होती. आधी बोटं गेली, मग हात, मग दंड. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. टेबलावरचं ते चकत्यांचं डोकं केल्स यांच्या हाताच्या जागी येऊन बसलेलं आहे, हे त्याच्याकडं पाहताना मला विसरता येत नाही.

धोका ओळखणाराही एक दंतवैद्यच होता. बॉस्टनच्या विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं, की विजेचा धक्का न बसता, कातडी न भाजता, नुसत्या क्ष-किरणांनी प्राणी मरू शकतो. नळी शिशाच्या पेटीत ठेवा, किरणांना लागेल तेवढंच भोक ठेवा, असं ते सांगत राहिले. त्या वेळी फार थोड्यांनी ऐकलं. आज जगातलं दातांचं प्रत्येक एक्स-रे यंत्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणं बांधलेलं असतं.

आता त्या ‘टीं’च्या आत डोकावू या.

यंत्राच्या डोक्यात मुठीत मावेल एवढी काचेची निर्वात नळी असते. एका टोकाला तापलेली तार, समोर टंगस्टनचा तुकडा, आणि मध्ये ६० ते ७० हजार व्होल्टचा दाब. तारेतून निसटलेला इलेक्ट्रॉन बोटभरसुद्धा नसलेलं ते अंतर कापतो, आणि तेवढ्यात त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या जवळ पोचतो. त्या वेगानं निघालं तर चंद्र गाठायला तीन सेकंदही लागणार नाहीत! हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर घडत असतं. इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात, आणि त्यांच्या ऊर्जेतले शंभरातले ९९ वाटे निव्वळ उष्णतेत जातात. उरलेल्या एका वाट्याहून कमी ऊर्जेचे क्ष-किरण होतात. शंभर रुपये टाकले तेव्हा हातात रुपयाही पुरता पडला नाही, असा हा व्यवहार.

हे किरण जिथून निघतात तो ठिपका किती लहान आहे, यावर चित्राची रेखीवता ठरते. घरी करून पाहा. ट्यूबलाइटखाली भिंतीजवळ बोट धरलं तर सावलीची कड पुसट येते. तेच बोट मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं तर नखसुद्धा ओळखू येतं. दातांच्या यंत्रात हा ठिपका साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो. खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेतून निघालेली सावली!

नळीतून सगळेच किरण सारख्या ताकदीचे निघत नाहीत. काही इतके दुबळे असतात, की ते गालातच जिरतात, सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे शरीराला डोस पूर्ण आणि चित्राला उपयोग शून्य. म्हणून वाटेत दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. ही चाळणी उलटी आहे: दुबळ्यांना अडवते आणि दमदारांना पुढं सोडते. स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या पत्र्याएवढी साधी गोष्ट, पण ती नसेल तर सगळा हिशेबच बिघडतो.

आणि आकार? बहुतेक यंत्रांचं तोंड गोल असतं, सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाचं. त्याचं क्षेत्रफळ होतं २८ चौरस सेंटिमीटर. सेन्सर मात्र चौकोनी असतो, मोठ्यात मोठा धरला तरी ३ बाय ४ सेंटिमीटर, म्हणजे १२. उरलेल्या १६ चौरस सेंटिमीटरमधले किरण गालावर पडतात आणि कुठल्याच चित्रात येत नाहीत. यंत्राच्या तोंडाला चौकोनी नळकांडं लावलं की ते थांबतात. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय अजून सगळीकडं का दिसत नाही, हे मला कोडंच वाटतं.

आता तो पाऊस.

जूनमधली पहिली सर आठवा. कोरडी, तापलेली फरशी. तिच्यावर उंचावर कुणीतरी ताट धरलं आहे, पण तुम्हाला ताट दिसत नाही, फक्त फरशी दिसते. पहिले वीस थेंब पडले. ताट कुठं आहे, सांगता येईल? नाही. एखादी जागा कोरडी आहे ती वर ताट आहे म्हणून, की तिथं अजून थेंब पडायचाच आहे म्हणून? दोनशे थेंब पडले की संशय येऊ लागतो. दोन हजार पडले की ताटाचा कोरडा गोल लख्ख उमटतो. आता ताटाऐवजी वाटी धरा. तिचा गोल उमटायला आणखी थेंब लागतील. आणि वाटीऐवजी गाळणं धरलं, ज्यातून निम्मे थेंब खाली झिरपतात, तर? मग कितीतरी जास्त थेंब पडावे लागतील.

एक्स-रेचं चित्र हे असंच पडतं. क्ष-किरण सलग धारेसारखे येत नाहीत, सुटे सुटे थेंबच येतात. प्रत्येक थेंब एकतर दातात अडतो किंवा पार होतो. दात हे ताट. दातातली कीड म्हणजे ताटाला पडलेलं अर्धवट भोक, जिथून थोडे जास्त थेंब गळतात. ही गळतीही सुरुवातीला फार बारीक असते. कीड लागलेल्या जागेतली साधारण ३० ते ४० टक्के खनिजं झिजल्याशिवाय ती एक्स-रेत नीट दिसतच नाही. म्हणजे डॉक्टर पडद्यावर जो करडा डाग शोधतात, तो थेंबांच्या संख्येतला एक छोटासा फरक असतो.

पावसाचा एक स्वभाव आहे. फरशीच्या एका चौकोनात सरासरी १०० थेंब पडत असतील, तर शेजारी ९२ पडतील, पलीकडं १०७. ही यंत्राची चूक नाही. थेंब मोजून वाटले जात नाहीत, एवढंच. हा चढउतार किती, हे गणितानं नेमकं सांगता येतं: सरासरीच्या वर्गमुळाएवढा. १०० थेंबांत १०, म्हणजे दहा टक्के. १०,००० थेंबांत १००, म्हणजे एक टक्का. काय झालं पाहिलंत? चित्रातली खरखर दहापट कमी करायला थेंब शंभरपट लागले. खरखर निम्मी करायची तर डोस चौपट.

यंत्र लाखाचं असो की कोटीचं, या वर्गमुळातून कुणाची सुटका नाही. चांगला सेन्सर फक्त एवढंच करतो, की आलेल्या थेंबांपैकी कमीत कमी वाया घालवतो.

मग किती थेंब पुरे? याचं उत्तर दातांच्या जगातून आलं नाही, टेलिव्हिजनच्या जगातून आलं. अल्बर्ट रोझ हे अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम करत. १९४०च्या दशकात त्यांनी डोळ्याबद्दलच एक गोष्ट शोधली. एखादी खूण भोवतालच्या खरखरीपेक्षा साधारण पाचपट उठून आली, तरच डोळा खात्रीनं म्हणतो, ‘हो, तिथं काहीतरी आहे.’ त्याहून कमी असेल तर आपण अंदाज बांधत असतो. एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांचे डोळेही त्याच नियमात बांधलेले आहेत.

एवढं कळलं की ‘चांगलं चित्र’ या शब्दांचा अर्थच बदलतो. सुंदर, गुळगुळीत, डोळ्यांना सुखावणारं चित्र म्हणजे बहुधा गरजेपेक्षा जास्त थेंबांचं चित्र. चांगलं चित्र ते, जे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईल इतकंच स्वच्छ आहे. आणि प्रश्न दर वेळी वेगळा असतो. रूट कॅनॉल करताना डॉक्टरांना दाताच्या मुळात घातलेल्या १० नंबरच्या फाइलचं, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीचं, टोक कुठवर गेलं ते पाहायचं असतं. त्या टोकाची जाडी ०.१० मिलिमीटर, जवळजवळ केसाएवढी! अक्कलदाढ आडवी आहे की उभी, हे पाहायला तसली बारकाई कशाला हवी?

म्हणून तपासणी करणारे लोक चित्राला ‘छान’ म्हणत नाहीत, त्याची परीक्षा घेतात. शिशाच्या पातळ पत्र्यावर रेघांच्या जोड्या कोरलेल्या असतात, एक रेघ शिशाची, एक मोकळी, आणि त्या पुढं पुढं दाट होत जातात. एका मिलिमीटरमध्ये किती जोड्या सुट्या दिसतात, ते मोजायचं. वाचायच्या अंतरावरून आपला डोळा साधारण सात जोड्यांशी थकतो. तोंडात ठेवायची फिल्म २०च्या पुढं जाते. चांगला डिजिटल सेन्सर तिच्या आसपास पोचतो. पूर्ण जबड्याचा फोटो पाचाच्या आसपास घुटमळतो, आणि तरी त्याचं काम भागतं. दुसरी परीक्षा ॲल्युमिनियमच्या जिन्याची. पायऱ्यांची जाडी चढत जाते, आणि लगतच्या दोन पायऱ्यांमधला फरक चित्रात दिसतो का, ते पाहायचं. ॲल्युमिनियमच का? कारण ते क्ष-किरणांना जवळपास हाडासारखंच अडवतं.

पण पट्ट्या आणि पायऱ्या म्हणजे दात नव्हेत. खरी परीक्षा आणखी पुढं आहे, आणि तिची मुळं थेट युद्धात आहेत. रडारच्या पडद्यावर एक ठिपका चमकला. ते शत्रूचं विमान, की नुसती खरखर? प्रत्येक ठिपक्याला विमान म्हणणारा पहारेकरी एकही विमान चुकवणार नाही, पण रात्रभर भोंगे वाजवत बसेल. खात्री पटल्याशिवाय न बोलणारा उगाच कुणाला उठवणार नाही, पण एखादं विमान डोक्यावर येऊ देईल. मग पहारेकऱ्याचा स्वभाव वजा करून पडद्याचा दर्जा कसा मोजायचा? त्यासाठी घडवलेलं गणित पुढं क्ष-किरणतज्ज्ञ ली लस्टेड यांनी वैद्यकीय चित्रांकडं आणलं. दंतवैद्यकातही तोच प्रश्न आहे. सगळीकडं कीड पाहणारे डॉक्टर चांगली दाढही कोरतील, फार सावध डॉक्टर खरी कीड सोडून देतील.

त्यासाठी काढून टाकलेले दात गोळा करतात, त्यांचे एक्स-रे काढतात आणि अनेक डॉक्टरांना विचारतात: कीड नक्की आहे, बहुधा आहे, सांगता येत नाही, बहुधा नाही, नक्की नाही? सगळ्यांची उत्तरं लिहून झाली की मग तेच दात पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. सत्य तिथं असतं. एखादं यंत्र चांगलं, असं म्हणायला कुठवर जावं लागतं पाहा!

ही झाली चित्राची बाजू. आता किरण मोजायचे कसे? ना रंग, ना वास, ना स्पर्श.

जुनी युक्ती मला फार आवडते: भोवरा! धातूचा चपटा भोवरा, कडेला एक भोक. तो फिल्मवर फिरवायचा आणि यंत्र सुरू करायचं. साध्या जुन्या यंत्रांतून किरण सलग निघत नाहीत. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तसे ५० ठोके निघतात. प्रत्येक ठोक्याला भोवऱ्याचं भोक वेगळ्या जागी असतं, म्हणून फिल्मवर ठिपक्यांची कमान उमटते. यंत्रावर ०.२ सेकंद लावलं आणि ठिपके १० आले, तर घड्याळ बरोबर. १३ आले तर यंत्र खोटं बोलतंय आणि रुग्णाला तीन ठोके फुकट बसत आहेत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं माप एका भोवऱ्यानं!

आज हे काम काडेपेटीएवढं उपकरण करतं. यंत्राच्या तोंडाशी धरायचं, एकदा बटण दाबायचं, की वेळ, डोस आणि व्होल्टही सांगतं. एकाही तारेला हात न लावता आतले ७० हजार व्होल्ट त्याला कसे कळतात? त्यात दोन डोळे असतात आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या जाडीचे पडदे. दाब जास्त तर किरण दमदार, आणि जाड पडद्यातूनही ते जास्त सुटतात. दोन डोळ्यांना मिळालेल्या किरणांचं गुणोत्तर काढलं की व्होल्ट हाती आले.

पण यंत्राच्या तोंडाशी किती किरण निघाले, एवढ्यानं भागत नाही. माणसाच्या आत, थायरॉईडजवळ, लाळेच्या ग्रंथीत, हाडांच्या मगजात किती पोचले? इथं आपला चकत्यांचा रुग्ण कामाला येतो. त्याच्या बारीक भोकांत जेमतेम ३ मिलिमीटरचे लिथियम फ्लोराइडचे स्फटिक ठेवतात. चकत्या रचतात, एक्स-रे काढतात, स्फटिक चिमट्यानं बाहेर काढतात. दिसायला त्यांच्यात काहीही बदललेलं नसतं. मग त्यांना दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात, आणि ते अंधारात मंद उजळतात! किरण जितके झेलले, तितका उजेड जास्त. किरणांनी जागचे हलवलेले इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या सांदीकोपऱ्यांत अडकून बसलेले असतात. उष्णता मिळाली की ते घरी परततात, आणि परतताना प्रकाश सांडतात.

हीच करामत पुरातत्त्वातही चालते. उत्खननात सापडलेल्या खापरातले वाळूचे कण हजारो वर्षं मातीतल्या नैसर्गिक किरणांची नोंद साठवत असतात. कुंभाराच्या भट्टीत ती पाटी पुसली गेलेली असते. खापर पुन्हा तापवलं की किती उजेड पडतो, त्यावरून भट्टी कधी पेटली होती ते कळतं. आणि तीच करामत आपल्याकडं एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत काम करणाऱ्यांच्या छातीवर असते. त्यांच्या बिल्ल्यात तीन छोट्या चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या. हा बिल्ला ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाला.

स्फटिकांचे आकडे मिळाले, की प्रत्येक अवयवाच्या नाजूकपणाप्रमाणं त्यांना वजन देऊन एक बेरीज करतात. तिचं एकक मायक्रोसिव्हर्ट. गंमत म्हणजे, २००७ मध्ये किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं लाळेच्या ग्रंथींना पहिल्यांदा स्वतंत्र वजन दिलं, आणि दातांच्या एक्स-रेचा हिशेबातला डोस वाढला. यंत्र तेच, चित्र तेच, किरण तेच. फक्त आपण शरीराकडं जास्त नीट पाहिलं.

मग येतो किती? तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या एका फोटोचा डोस साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट. माती, दगड, हवेतला रेडॉन, आकाशातून येणारे किरण आणि आपल्याच रक्तामांसातलं पोटॅशियम यांच्याकडून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. तुमच्या दाढेचा एक फोटो म्हणजे पृथ्वीवर काढलेला साधारण एक दिवस! यात घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये तर शिशाचा ॲप्रन आणि गळ्याचा पट्टा नेहमीसाठी लागत नाही, असंही सांगितलं. किरण नेमक्या जागी आखून सोडले तर पोटापर्यंत जवळजवळ काही पोचतच नाही.

पूर्ण जबड्याचा फोटो, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात, त्याची घडण हेलसिंकीच्या युर्यो पाटेरो यांची. तुम्ही स्थिर उभे, यंत्र डोक्याभोवती फिरतं, आणि घोड्याच्या नालेसारखा जबडा उलगडून सपाट पट्टीवर येतो. ‘कानातलं काढा’ असं तंत्रज्ञ म्हणतात त्याचं कारण तर विलक्षण आहे. डाव्या कानातली कुडी तशीच राहिली, तर तिचं भूत चित्रात उजव्या बाजूला, जरा वर, पसरट होऊन उमटतं! याचा डोस काही दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढा.

आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र? एका फेरीत शेकडो फोटो, आणि त्यांतून गणितानं उभा केलेला घन जबडा. हे गणित कुठून आलं असेल, ओळखा. फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी ते १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि तिघंही फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते. मोटारींच्या कारखान्यातलं गणित तुमच्या इम्प्लांटची जागा ठरवतं! पण इथं सावध राहायला हवं. सीबीसीटीचा डोस दहाएक मायक्रोसिव्हर्टपासून हजाराच्या घरापर्यंत कुठंही असू शकतो. एका दाताचं चित्र हवं असताना पूर्ण चेहरा घेतला, की तो वर सरकतो.

आता एक गोष्ट जी मला खरोखर काळजीची वाटते. फिल्मच्या काळात जास्त किरण दिले की फोटो काळाकुट्ट पडे. चूक डोळ्यांसमोर येई. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझच्या फ्रान्सिस मुयें यांनी ‘रेडिओव्हिजिओग्राफी’ आणली, आणि तिचंच छोटं नाव आरव्हीजी आज आपल्या दातांच्या दवाखान्यांत सर्रास बोललं जातं. डिजिटलनं डोस निम्म्याहूनही खाली आणला. पण त्यानं एक साक्षीदार गमावला. संगणक उजेड आपोआप जुळवून घेतो. विशेषतः सेन्सरऐवजी वापरतात त्या फॉस्फरच्या प्लेटवर दुप्पट-तिप्पट किरण दिले तरी चित्र काळं पडत नाही, उलट खरखर कमी होऊन ते आणखी देखणं दिसतं. साहजिकच हात हळूहळू वरच्या आकड्याकडं सरकतो. कुणाचीही वाईट इच्छा नसते. सुंदर चित्र हीच इथं फसगत आहे, आणि ती डोळ्यांना कधीच पकडता येत नाही. तिथं मापच लागतं.

म्हणून भारतात दातांच्या प्रत्येक एक्स-रे यंत्राची नोंद मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडं करावी लागते, आणि दर दोन वर्षांनी त्याची चाचणी व्हावी लागते: व्होल्ट, वेळ, गळती, सगळं. तुमच्या दवाखान्यातल्या यंत्राची शेवटची चाचणी कधी झाली, हे विचारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. मागच्या वर्षीचा एक्स-रे घरी असेल तर तोही बरोबर न्या. नवा काढायचा असेल तर एवढंच विचारा, ‘डॉक्टर, यात नेमकं काय बघायचं आहे?’ चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, कारण थेंब किती लागतील हे त्या उत्तरावरच ठरतं.

आणि हा सगळा हिशेब ठेवणारं एक उपकरण तुम्ही जन्मभर तोंडातच बाळगता. इनॅमल हेही स्फटिकच आहे. त्यावर किरण पडले की त्यात अतिशय बारीक खुणा होतात, आणि त्या माणसाच्या आयुष्याहून कितीतरी जास्त टिकतात. एका फोटोची खूण मोजता येण्याइतकी मोठी नसते, पण मोठ्या डोसाची असते. पुढच्या दातांवर सूर्यप्रकाशाच्याही खुणा पडतात, म्हणून शास्त्रज्ञ गालाआडच्या दाढा पसंत करतात. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांच्या दाढा पुढं उपचारासाठी काढाव्या लागल्या, तेव्हा त्या जपून ठेवल्या गेल्या. अनेक दशकांनंतर त्या तपासल्या, तेव्हा १९४५च्या ऑगस्टमधल्या त्या दोन सकाळी कुणावर किती किरण पडले, हे त्या दाढांनी सांगितलं.